टाकलेलं बाळ, उघडं दार आणि भिंतीवरची जाहिरात

(एपिसोडचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर इथे वाचा. एसटीत रेंज जाते, त्यामुळे बरेच जण वाचतातच, हे मला माहीत आहे.)

दिवाळीची सुट्टी चालू आहे. माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांनी मुरबाडचा रस्ता भरलाय, तिकडे शहापूरला नाशिक हायवेवर तीच गत. फराळाची ताटं फिरतायत. अशा दिवसांत मी जरा जड विषय घेऊन आलोय. पण शेवटपर्यंत थांबा, कारण शेवटी तुम्हाला एक काम सांगणार आहे आणि ते दोन मिनिटांचं आहे.

विषय आहे टाकून दिलेलं बाळ. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी असते. अमुक ठिकाणी नवजात अर्भक सापडलं, अज्ञात मातेविरुद्ध गुन्हा दाखल. आपण वाचतो, 'काय बाई असेल' म्हणतो आणि पान उलटतो. मला त्या चार ओळींच्या मागे जायचंय. असं बाळ सापडल्यावर त्याला घेणारं, पुसणारं, दूध पाजणारं घर असावं, ही कल्पना आपल्याकडे कुठून आली? आणि दिवाळीच्या दिवशी, सगळी ऑफिसं बंद असताना ते बाळ आलं, तर आज काय होतं?

आधी थोडं लांब जाऊ

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात १४४५ साली एक अनाथालय सुरू झालं. नाव 'इनोचेंती', म्हणजे निष्पापांचं घर. जानेवारीत दार उघडलं आणि ५ फेब्रुवारीला पहिलं बाळ आलं. मुलगी होती. तो दिवस त्यांच्याकडे संत आगाथाच्या सणाचा, म्हणून तिचं नाव ठेवलं आगाता. आई-बापाचं नाव नाही, गाव नाही, तर मग ज्या दिवशी आलीस त्या दिवसाचं नाव घे.

हे वाचलं आणि मला आपल्याकडची नावं आठवली. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जुन्या लोकांची नावं बघा. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्री. जन्माला आला तो वार म्हणजे नाव. फरक इतकाच की बुध्याला नाव द्यायला त्याची माणसं होती. आगाताला ते एका संस्थेनं दिलं.

पुढे लंडनमध्ये थॉमस कोरम नावाच्या एका जुन्या दर्यावर्दी माणसानं रस्त्यावर टाकलेली बाळं बघून कितीतरी वर्षं खेटे घातले. १७३९ मध्ये त्याला राजाची सनद मिळाली आणि २५ मार्च १७४१ ला फाउंडलिंग हॉस्पिटलनं पहिली ३० बाळं घेतली. २५ मार्च हासुद्धा त्यांचा सणाचाच दिवस, मरियमचा. आया बाळासोबत एखादी खूण ठेवायच्या. कापडाचा तुकडा, नाणं, बटण. कधी परत आलेच तर ओळख पटावी म्हणून.

पण नुसतं दार उघडून भागत नाही, हेही लंडननं बघितलं. १७५६ ते १७६० या काळात सरकारनं पैसे दिले आणि येईल ते बाळ घ्या म्हणून सांगितलं. सुमारे १५,००० बाळं आली आणि त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त दगावली. दूध पाजायला दाया कमी, प्रवास लांबचा, रोगराई. बाळ आत आलं म्हणजे वाचलं, असं नसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुण्यात आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

पुणे, १८६३

आता आपल्या घरी येऊ. एकोणिसाव्या शतकातलं पुणं. मुलींची लग्नं आठव्या-नवव्या वर्षी. नवरा गेला की मुलगी विधवा, मग ती दहा वर्षांची असो की पंधरा. उच्च जातींत तिचं केशवपन व्हायचं, पुन्हा लग्न नाही. १८५६ मध्ये सरकारनं विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला खरा, पण कायदा कागदावर आणि समाज आपल्या जागेवर. घरात, शेजारात अशा पोरीवर कुणी हात टाकला आणि तिला दिवस गेले, तर दोष कुणाचा? तिचाच.

जोतीराव फुले यांनी ४ डिसेंबर १८८४ च्या एका पत्रात मुंबई सरकारला अशाच एका बाईची हकीकत कळवली आहे. तिचं नाव काशीबाई. तरुण ब्राह्मण विधवा, जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला. शेजारच्या एका शास्त्रीनं तिला नादी लावलं. दिवस गेल्यावर गर्भ पाडायची औषधं दिली, ती लागू पडली नाहीत. नऊ महिने भरले, मुलगा झाला. अब्रूच्या भीतीनं तिनं त्या बाळाला सुरीनं मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांत पोलिसांनी पकडलं. कोर्टानं जन्मठेपेची शिक्षा देऊन काळ्या पाण्यावर पाठवलं.

आणि शास्त्री? या खटल्यात शिक्षा झाली ती काशीबाईला.

आता एक गोष्ट बघा. भारतीय दंडसंहिता १८६० ची, अंमलात आली १८६२ मध्ये. बाळ मारणं, टाकून देणं, जन्म लपवणं, सगळ्याला त्यात कलमं होती. म्हणजे काशीबाईच्या वेळी शिक्षेची सोय अगदी नवी, चकचकीत होती. पण शिक्षा काय करते? ती विहिरीतून बाळ बाहेर काढल्यानंतर येते. त्या रात्री काशीबाईला बाळ घेऊन जायला एक जागा पाहिजे होती आणि तशी जागा नव्हती.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी ती जागा केली, स्वतःच्या घराच्या आवारात. १८६३ साल. नाव बालहत्या प्रतिबंधक गृह. नाव किती सरळ आहे बघा. दया नाही, पुण्य नाही, उद्धार नाही. बाळाची हत्या होऊ नये, एवढंच.

आणि त्यांनी अजून एक गोष्ट केली. माझ्या मते आजच्या एपिसोडमधली हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. त्यांनी पत्रकं छापली आणि जिथे ब्राह्मण वस्ती होती तिथल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चिकटवली. मजकुराचा आशय असा की इथे या, गुपचूप बाळंत व्हा. मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या मर्जीवर, ठेवलंत तर आम्ही सांभाळू.

विचार करा. ज्या गोष्टीचं कुणी नाव काढत नाही, ती भर रस्त्यात भिंतीवर. का? कारण जिला गरज आहे ती कुणाला विचारू शकत नाही. विचारलं तर कळलंच. म्हणून उत्तर तिच्या डोळ्यांसमोर, पाणी आणायला जाता-येता दिसेल असं लावावं लागतं. दार उघडं असणं एक आणि ते उघडं आहे हे माहीत असणं दुसरं.

३५ पैकी ५

याच पत्रात जोतीरावांनी आकडे दिले आहेत. सुरुवातीपासून त्या दिवसापर्यंत त्या घरात ३५ गरोदर विधवा आल्या, बाळंत झाल्या. त्यांच्या बाळांपैकी जिवंत किती? पाच. तीस बाळं गेली.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. शाळेत आपल्याला सांगतात की फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. एक मार्काचा प्रश्न असतो, साल लिहा. हा आकडा कुणी सांगत नाही. कारणही जोतीरावांनीच लिहिलंय. या बायकांनी पोट लपवण्यासाठी आधी जी विषारी औषधं घेतली असणार, त्यांनी बाळांना पोटातच इजा झालेली होती.

म्हणजे त्या दारापर्यंत पोचायच्या आधीच उशीर झालेला असायचा. लाज आणि भीती आधी आपलं काम करायची, मग ती बाई दाराशी यायची. कोपऱ्याकोपऱ्यावर पत्रकं लावूनसुद्धा! पत्रकं नसती तर त्या ३५ जणींतल्या किती जणी विहिरीकडे गेल्या असत्या, याचा हिशोब कुणाकडेच नाही.

सरकारला पत्र लिहिताना माणूस आपल्या कामाचा बरा आकडा पुढे करतो. यांनी तीस गेली हे लिहिलं. मला तर या एका वाक्यानं जोतीराव जास्त जवळचे वाटले.

जी वाचली त्यांतल्या एकाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. याच घरात एका विधवेला झालेल्या मुलाला जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तो यशवंत. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याचा वारसा पक्का केला. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा हडपसरच्या माळावर माय-लेकांनी रुग्णांसाठी दवाखाना चालवला. तिथेच सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. टाकलं जाऊ शकलं असतं असं एक बाळ, तेवीस-चोवीस वर्षांनी प्लेगच्या रुग्णांची नाडी बघत होतं.

पंढरपूर: गर्दीतली बाई कुणाला दिसते?

सणाचा आणि टाकलेल्या बाळांचा संबंध आपल्याकडे कुठे येतो? पंढरपुरात. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री अशा चार वाऱ्या, लाखांची गर्दी. घरात 'तसलं' काही झालं की विधवा सुनेला, लेकीला यात्रेच्या नावाखाली पंढरपूरला घेऊन जायचे. अनोळखी गावात, गर्दीत कोण कुणाची चौकशी करतो? बाळंतपण उरकायचं, बाळ तिथेच सोडायचं आणि बाईला घेऊन परत. गावात सांगायला विठ्ठलाचं दर्शन होतंच.

लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ तेव्हा न्यायखात्याच्या नोकरीत पंढरपुरात होते. त्यांनी पुढाकार घेतला आणि १८७५ मध्ये तिथे अशा बाळांसाठी आश्रम उभा राहिला. प्रार्थना समाजानं तो चालवला. पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला गेला. जिथे बाळं टाकली जातात तिथेच घर काढायचं, असा हा साधा हिशोब होता.

१८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेचा खटला गाजला. पुन्हा तेच, नवजात बाळाचा खून. आधी फाशी, मग अपिलात शिक्षा कमी. पेपरांतून बायकांच्या चारित्र्यावर जे लिहिलं गेलं, ते वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे भडकल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. त्यांचा सवाल थोडक्यात असा की सगळे दोष बाईच्याच माथी का? काशीबाईच्या शास्त्र्याला जे कुणी विचारलं नाही, ते ताराबाईंनी सगळ्या पुरुषांना विचारलं.

बाळ आत आलं, पण ते कुणाचं?

एक कायदेशीर गंमत सांगतो, गंमत कसली, अडचणच. जुन्या हिंदू कायद्यात दत्तक म्हणजे देणं-घेणं. देणार कोण? आई-बाप. मग ज्याच्या आई-बापाचा पत्ताच नाही, त्याला देणार कोण? कुणीच नाही. आणि दत्तक घ्यायचा तो मुलगाच, मुलगी नाही.

१९५६ च्या कायद्यानं मुलगी दत्तक घेता येऊ लागली. १९६२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि टाकलेल्या, आई-बाप माहीत नसलेल्या मुलालाही पालक म्हणून सांभाळणारी व्यक्ती किंवा संस्था कोर्टाच्या परवानगीनं दत्तक देऊ शकेल, अशी सोय झाली. तोपर्यंत पाळण्यातलं बाळ आश्रमातच मोठं व्हायचं.

या बदलानंतरची एक मुलगी तुम्ही टीव्हीवर बघितली असेल. १९७९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात जन्मली, ससून हॉस्पिटलजवळच्या श्रीवत्स या संस्थेत आली. तीन आठवड्यांची असताना स्थळेकर दांपत्यानं तिला दत्तक घेतलं. ती लिसा स्थळेकर. ऑस्ट्रेलियाकडून खेळली, कॅप्टन झाली, वन-डेमध्ये १,००० रन आणि १०० विकेट दोन्ही करणारी पहिली महिला क्रिकेटर. आता कॉमेंट्री करते. मुलगा आणायला आलेलं कुटुंब मुलगी घेऊन गेलं, हे तिनंच मुलाखतींत सांगितलंय.

आज, शहापूर-मुरबाडमध्ये, दिवाळीच्या दिवशी

आता समजा, पाडव्याच्या पहाटे डोळखांबकडे किंवा टोकावड्याकडे कुणाला रस्त्याकडेला बाळ सापडलं. काय करायचं?

पहिलं, ऊब. ओलं असेल तर हलक्या हातानं कोरडं करा, कापडात गुंडाळा, डोकं झाका, छातीशी धरा. आंघोळ नको. मध नको, गुटी नको, गाईचं दूध नको, पाणीसुद्धा नको. नवजात बाळ थंडीनं फार पटकन जातं आणि आपल्याकडे दिवाळीत पहाटे गारठा असतो. मग १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स, आणि १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. चोवीस तास चालू, फुकट. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. बाळ आधी डॉक्टरकडे, फोटो नंतरसुद्धा नको. व्हॉट्सॲपवर बाळाचा चेहरा फिरवणं कायद्यानं चूक आहे.

२०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे नेलं पाहिजे. मग सुट्टी असेल तर? कायदा करणाऱ्यांनी हाही विचार केलाय. समितीची बैठक नसेल तर तिच्या एकट्या सदस्यापुढेही मूल नेता येतं आणि त्याची राहायची सोय लावता येते. म्हणजे कागदावर तरी पाडव्याला, भाऊबीजेला दार बंद नाही. तिथून बाळ विशेष दत्तक संस्थेत जातं. पेपरात फोटोसह छोटी जाहिरात येते, पालकांनी संपर्क साधावा म्हणून. आई-बाप सापडले नाहीत, तर दोन वर्षांखालच्या बाळाला साधारण दोन महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर करतात.

संस्थेत काम करणाऱ्या मावश्यांची सुट्टी मात्र तेव्हाच संपते. नवीन बाळ आलं की दर दोन तासांनी दूध, वजन, तपासण्या. घरच्या बाळाची पाचवी होते, बाराव्या दिवशी बारसं होतं, आत्या कानात नाव सांगते. या बाळाला आत्याही मिळवावी लागते आणि ती बहुतेक वेळा ड्यूटीवरची मावशीच असते.

दार आहे, पाटी नाही

आता मूळ मुद्दा. बाळ टाकणं गुन्हा आहे. आधी दंडसंहितेत कलम ३१७ होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ९३ आहे, सात वर्षांपर्यंत कैद. हे जवळपास सगळ्यांना माहीत असतं, कारण बातमीत तेच छापतात.

पण बाळ रीतसर सोपवणं गुन्हा नाही, हे किती जणांना माहीत आहे? कायद्यात कलम ३५ आहे. शारीरिक, मानसिक, सामाजिक अशा हाताबाहेरच्या कारणांमुळे मूल सांभाळता येत नसेल, तर आई समितीकडे जाऊन ते सोपवू शकते. समुपदेशन होतं, कागदावर सही होते. त्यानंतर फेरविचाराला दोन महिने मिळतात, मन बदललं तर बाळ परत मागता येतं. लंडनच्या बायका ज्यासाठी कापडाचा तुकडा ठेवायच्या, ती सोय इथे कायद्यानं केलीय. आणि तिची ओळख गुप्त ठेवली जाते.

मुलगी अल्पवयीन असेल तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं, हे खरंय, ते मी लपवणार नाही. याच भीतीनं पुष्कळ घरं दवाखान्यात जात नाहीत. पण तिचं नाव उघड करणं हाही गुन्हाच आहे. आणि गरोदरपण लवकर कळलं तर १९७१ च्या कायद्याखाली डॉक्टरकडे सुरक्षित गर्भपाताचा रस्ता असतो. मेडिकलमधून मागच्या दारानं आणलेल्या गोळ्यांवर ३५ पैकी ३० चा आकडा आठवा.

आपल्या तालुक्यांत गुप्तता किती अवघड आहे, हे तुम्ही जाणता. पाड्यावर येणारी एसटी एक, आशाताई ओळखीची, दवाखान्यातला वॉर्डबॉय मामाच्या गावचा. म्हसाच्या जत्रेत पोरगं चुकलं तर माईकवरून त्याचं नाव पुकारतात. पण जी पोरगी पाचव्या महिन्यात ओढणी सैल सोडून फिरतेय, तिला कुणी माईकवरून सांगणार आहे का की बाई, रस्ता आहे?

१८६३ मध्ये कायदा तिच्या बाजूनं नव्हता, तरी भिंतीवर पत्रक होतं. आज कायद्यात दार आहे, पण मी तरी आपल्या एसटी स्टँडवर, कॉलेजच्या बोर्डावर, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर 'बाळ सोपवणं गुन्हा नाही' अशी एक ओळ कधी वाचलेली नाही. 'गुन्हा दाखल' मात्र दर वेळी वाचतो.

तर ते दोन मिनिटांचं काम. १०९८ हा नंबर आणि ही एक ओळ, 'बाळ टाकू नका, सोपवता येतं, नाव गुप्त राहतं', आज स्टेटसला ठेवा. कुणाला उद्देशून असं लिहू नका, नुसतं ठेवा. तुमच्या ४०० कॉन्टॅक्टमधली एखादी ते बघेल, काही बोलणार नाही, लाइक करणार नाही. तिनं बघितलं तरी पुरे.

पुढच्या एपिसोडमध्ये सिद्धगडावर जाऊ, भाई कोतवालांच्या गोष्टीसाठी. तोवर फराळ सांभाळून खा, घाटात गाडी हळू चालवा. भेटू!